दुसऱ्या ओळीतलं नाव

धुमाळ सरांचा शेवटचा फोन मी कापला. रविवार होता, सकाळचा पहिला चहा हातात होता, आणि त्यांचं नाव दिसताच मी म्हटलं, "आज नाही हं, सर!" तासाभरानं त्यांच्या भाडेकरणीनं कळवलं, सर गेले. आता सहा आठवडे झाले, तरी चिडायचं कुणावर ते ठरत नाही.

चीड काही नवी नाही म्हणा. लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजात ते खेळ विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. अकरा वर्षं त्यांनी मला नुसतं पिडलं. मैदानावर कुणी कोसळलं तर कुणी काय करायचं, याचा तक्ता त्यांनी खेळाच्या खोलीत लावला होता. पहिली ओळ: अँब्युलन्सला फोन, धुमाळ. दुसरी: फाट्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवणं, वर्षा. तिसरी: फाटकाची किल्ली, वॉचमन. आणि हे पाठ आहे की नाही, ते तपासायला त्यांचा फोन कधीही यायचा. "वर्षा, पोरगी पडलीय मैदानात. श्वास न्हाई. बोल, काय करनार?"

"सर, मी फोडणी देतेय."

"मग पोरीला सांग, फोडनी होस्तवर दम धर."

एकदा कबड्डीच्या अंतिम सामन्याला आमची सगळ्यात चांगली चढाईपटू त्यांनी बाहेर बसवली. का, तर तिला दमा आणि अर्जावर पालकांची सही नाही. आम्ही हरलो. मुली रडल्या, मी तोंडावर भांडले. ते शांतपणे म्हणाले, "उद्या कोर्टात उभं केलं, तर 'असं हुईल वाटलं नव्हतं' म्हनून सुटता येत न्हाई. पोरगी आपल्या ताब्यात हाय." आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याच स्पर्धेच्या उद्घाटनाला पाहुण्यांची गाडी, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, थेट फाटकात लागली होती. नारळ फुटायच्या आधी सर तिथं हजर. "गाडी मागं घ्या सायेब, हितनं अँब्युलन्स येनार."

"कुटं हाय अँब्युलन्स?"

"ती आल्यावर जागा करायला टाईम नसतो." पाहुणे फुगले, संस्थेनं सरांना पत्र दिलं, सरांनी ते पत्रही फाईलला लावलं. काय करावं अशा माणसाला...

ते गेले त्या दिवशी त्यांच्या मिसेस, आमच्या काकू, माहेरी होत्या. सर घरात एकटे. फोन आपल्याला आला होता हे आठवलं आणि मला त्यांचाच भयंकर राग आला. छातीत कळ आल्यावर मला कशाला फोन? जन्मभर आम्हाला घोकून घेतलं, आधी अँब्युलन्स, मग बाकी सगळं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान... दहाव्याला काकूंनाही मी तसं बोलून गेले. काकूंनी सरांचा मोबाईल माझ्या हातात दिला. पहिला फोन अँब्युलन्सलाच होता. दुसरा मला.

मी लवळ्याजवळच्या चांदे गावात मुख्य रस्त्याला राहते. सरांच्या घराकडे जाणारा फाटा माझ्या दारातच आहे. आत त्यांच्या जुन्या शेतात आता भाड्याच्या इमारतींची इतकी दाटी झालीय की नवख्याला घर सापडत नाही. अँब्युलन्स दोनदा त्या गल्लीत फिरली, शेवटी भाडेकरणीनं गच्चीवरून हाका मारल्या. मी खाली उतरले असते तर चहा निवायच्या आत गाडी दारात लावली असती. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, फरक पडला नसता. ते मला लिहून द्या म्हणावं. लिहिलं नाही ते झालं नाही, असं सरच म्हणायचे.

कॉलेजात शोकसभा झाली. संस्थेच्या गाड्या ओळीनं फाटकात, आणि आत सरांच्या शिस्तीवर भाषणं! मी उठले आणि एकेक ड्रायव्हरला शोधून सगळ्या गाड्या हलवायला लावल्या. माझं भाषण राहिलं ते राहिलंच.

परवा नव्या सहकाऱ्यानं तक्ता दुरुस्त करायला घेतला. म्हणाला, "मॅडम, आता प्रमुख तुम्ही. तुमचं नाव वर घेतो." मी त्याचंच नाव पहिल्या ओळीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्याला फोन केला. वैतागला बिचारा. दुसऱ्या ओळीला मात्र मी हात लावू दिला नाही. तिथं सरांच्या अक्षरात अजून तसंच आहे... फाट्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवणं, वर्षा.