ऑर्थेलाचा हात

सेंट लुइसच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ल्युव्हिनिया टॅरंट यांचे पाऊल ज्या घराला लागे, तेथे लवकरच कोळसा आणि मुलांसाठी दूध येई, अशी त्यांची ख्याती होती. दक्षिणेतली कापसाची शेते सोडून आलेल्या कुटुंबांना थारा मिळवून देण्याचे व्रत त्यांनी अविवाहित राहून आचरले. परंतु वस्तीतल्या शिकलेल्या स्त्रिया त्यांना पाहून उठून उभ्या राहत, त्याचे कारण वेगळे होते. कॉलेजातल्या गोऱ्या विद्यार्थिनींच्या मंडळांनी दारे लावून घेतली, तेव्हा वसतिगृहाच्या धुण्याच्या खोलीत ज्या मूठभर मुलींनी स्वतःचे भगिनीमंडळ स्थापिले, त्यांतल्या त्या एक होत्या. मंडळाच्या दप्तरी नोंदलेल्या संस्थापिकांत आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

हात मिळवण्याची एक रीत ही मंडळाची गुप्त खूण होती. साबणाच्या क्षाराने तळवे फाटलेल्या धोबिणी एकमेकींचे मनगट धरतात, तसे मनगट धरायचे आणि अंगठा नाडीवर ठेवायचा. ही रीत आणली त्या मूठभर मुलींतल्याच ऑर्थेला पिंकार्डने. ती धोबिणीचीच मुलगी. आई अंथरुणाला खिळली आणि ऑर्थेलाचे शिक्षण अर्धे राहिले. पुढे मंडळाने नियम केला की पदवीधर नसेल तिला भगिनी म्हणू नये, आणि परकीला ती खूण देऊ नये. जगाने आपल्याला हलके लेखू नये, या भावनेने ल्युव्हिनियाबाईंनीही शपथ घेतली.

एका हिवाळ्यात चर्चच्या पाद्रीबुवांनी निरोप धाडला की एका विधवेच्या घरी कोळसा संपला आहे. बाई गेल्या. दार ऑर्थेलाने उघडले.

"ल्युव्ही? अगं, किती वाळलीस! मंडळात जेवायला घालत नाहीत की काय तुला?"

हसत हसत तिने बाईंचे मनगट धरले. अंगठा अचूक नाडीवर आला. बाईंची बोटे क्षणभर थबकली. मग त्यांनी हळुवारपणे मनगट सोडवून घेतले आणि कोणाही गरजवंताचा हात हाती घ्यावा तसा तिचा तळवा हाती घेतला.

ऑर्थेला स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. "बसा, मिस टॅरंट," ती म्हणाली. "कोळशाचं बोलायचं होतं ना?"

कोळसा पोहोचला. बाईंच्या एकाकी खोलीत मात्र त्या दिवसापासून एक जाणीव वस्तीला आली: 'ल्युव्ही' म्हणून हाक मारणारे आता जगात एकच माणूस उरले होते. त्यांनी मंडळापुढे ऑर्थेलाचे नाव मांडले, ते फेटाळले गेले, पुन्हा मांडले. अखेर केवळ त्यांच्या वार्धक्याचा मान राखून तरुण भगिनींनी ऑर्थेलाला सन्माननीय सदस्यत्व देऊ केले. त्या रविवारी बाई शुभ्र पोशाख करून ट्रामने तिच्याकडे गेल्या.

ऑर्थेला नुकतीच चर्चमधून परतली होती. डोक्यावरची हॅटही उतरवली नव्हती. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले.

"मला आत घ्यायचं ठरवलंय म्हणता," ती म्हणाली. "पण मी बाहेर आहे, हे मला तुम्ही त्या दिवशी कळवलंत. तोवर मला ठाऊकच नव्हतं."

"ऑर्थेला, मी शपथ घेतली होती."

"घेतली होतीत, आणि पाळलीत. चांगलं केलंत."

तिच्या स्वरात राग नव्हता.

ऑर्थेलाच्या घरून कोणी उपाशी परतत नसे. या वस्तीत ज्याने पुन्हा यावे असे वाटते, त्याला जेवण आपल्या ताटलीत झाकून देतात. ताटली परत करावी लागते, तीही रिकामी नव्हे, आणि येणेजाणे चालू राहते. फळीवर ताटल्यांची चळत होती. ऑर्थेलाने खालच्या खणातून मेणकागद काढला, मक्याच्या भाकरीचा तुकडा आणि तळलेली कोंबडी त्यात ठेवून कडा नीट दुमडल्या.

"न्या," ती म्हणाली. "परत काही आणून द्यायचं नाही."

ट्राम येईपर्यंत बाई शुभ्र पोशाखात कोपऱ्यावर उभ्या होत्या. पुडी अजून ऊन होती.