लाल पट्टी

लॅपटॉपवर लाल पट्टी आली आणि माझी सून मेघा पांढरीफटक पडली. पाड्यावरच्या बायका तिच्याच ॲपवरून बाळंतपणाला गाडी बोलावतात. ॲपमधला प्रत्येक नवा बदल क्लाउडवर आपोआप तपासला जावा आणि मगच लागू व्हावा, अशी सोय तिनं आजच केली होती.

"ॲप बंद पडलं का गं?" मी विचारलं.

तिनं घाईनं मोबाइलवर ॲप उघडून पाहिलं. "जुनं चालू आहे, आई! तपासणीनं चुकलेला बदल दारातच अडवला."

"मग तोंड कशाला पाडतेस? चोर पकडला म्हणून कोणी रडतं का?"

वेळेवर 'नाही' म्हणणाऱ्याचा आपल्याला आधी रागच येतो. किती वाचलं, ते मागाहून कळतं.

संध्याकाळी पाड्यावरच्या यमुनेनं कळा सुरू होताच त्याच ॲपवरून गाडी बोलावली. ती आणि तिची नवजात मुलगी, दोघी जगल्या.