तबकडीवरचे तीन रिकामे श्वास

मार्गशीर्षातली गोष्ट. मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि गिरणीचा शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. त्याच्या हातात यांचा जेवणाचा डबा होता, न उघडलेला... डबा पाहूनच मी समजले. कचेरीत लिहिता लिहिता मान टेकली, एवढंच तो बिचारा सांगू शकला. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला आहे, की नरहर सोलापूरकरांच्या पत्नीने त्यांच्याविषयी दोन शब्द लिहावेत आणि 'त्या गाण्याची' आठवण जरूर सांगावी. बरं, सांगते. इतकी वर्षं यांचं नाव उखाण्यातच घेत आले. आज सरळ लिहिते आहे, तेव्हा बाकीचंही सरळच लिहीन.

लग्नानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकवाच्या बायकांनी 'नाव घे, नाव घे' म्हणून मला कोंडीत धरलं. शेजारी नरसव्वाच्या घरी हातमाग चालू होता. ती तेलुगू विणकरांची लेक, माझ्याच वयाची. तिच्या मागाच्या ठेक्यावर मी तिथल्या तिथे उखाणा जुळवला आणि तो चालीवर म्हटला. बायका हसल्या, पुढच्या घरी गेल्या. दाराआडून हे बाहेर आले.

"कुणी शिकवलं गं हे?"

"कुणी न्हाय. सुचलं."

यांचा गळा गोड. भजनी मंडळात लोक यांच्यासाठी खोळंबून बसत. त्या उखाण्याचं दोन वर्षांत आठ ओळींचं पद झालं. धोटा इकडून तिकडे धावतो, विणणारीच्या अंगावर मात्र फाटकंच लुगडं, असं काहीसं त्यात होतं. मी जुळवायचं, यांनी गायचं. ते दिवस सुखाचे होते, हे कबूल करते.

मग एका संक्रांतीला ग्रामोफोनच्या तबकड्या भरणारी माणसं गावात आली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गाणारे-वाजवणारे जमतात, म्हणून त्यांनी तोच दिवस धरला होता. स्टेशनाजवळच्या बंगल्यात भिंतींना चादरी टांगून खोली केली होती आणि मधोमध आवाज टिपणारा हा भला मोठा कर्णा. रिवाज असा, की गाणं संपल्यावर गाणाऱ्याने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, म्हणजे दूरच्या कारखान्यात तबकडी कुणाची ते कळे. आम्ही चुलीपुढे बसून सगळं मोजलं होतं. पद थोडं चढ्या लयीत म्हटलं, की शेवटी चार श्वासांची जागा उरत होती. तेवढ्यात म्हणायचं, "पद गोदावरीचं. गाणार नरहर सोलापूरकर." माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवून हे म्हणाले होते, "तुझं नाव आधी."

मी बंगल्याच्या व्हरांड्यात, दाराशी. गाणं संपलं. "नरहर सोलापूरकर," यांचा आवाज आला. मग शांतता. मी मोजत होते. एक... दोन... तीन... मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

टांग्यात हे म्हणाले, "जागाच उरली नाही गं."

"तीन श्वास उरले व्हते. मी मोजले की."

मग खरं कारण निघालं. घरंदाज बाईचं नाव जत्रेत कर्ण्यातून ऐकू यावं का? लोक काय म्हणतील? माझ्याच अब्रूसाठी केलं म्हणे. अब्रूचं म्हटलं, की बाईला गप्पच बसावं लागतं.

ते एक वेळ गिळलं असतं. पण पुढच्या संक्रांतीला तबकडी आली आणि जत्रेत ज्या त्या दुकानात माझंच पद वाजायला लागलं. यांच्याभोवती घोळका. कुणीतरी विचारलं, "पद कुणाचं?" तिथे तर यांच्या तोंडापुढे कर्णाही नव्हता. हे हसले आणि म्हणाले, "सुचलं असंच, शेजारच्या मागाचा आवाज ऐकता ऐकता." माझं नाव घेऊ नका, एक वेळ चाललं असतं. पण माझा मागही घेतला?

नरसव्वा माझ्याजवळच होती. ती म्हणाली, "अक्का, तो आवाज तुमी ऐकलेला न्हवं? त्यांचं तर आमच्या मागानं लई डोकं दुकायचं की!"

त्यानंतर मी एकही ओळ जुळवली नाही. हे वाईट नव्हते. मला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस उशाशी बसले. पण यांनी स्वतः रचलेली दोन पदं तबकड्यांच्या कंपनीने परत पाठवली. पुढे एका संक्रांतीला जत्रेत बोलपटाचा तंबू आला आणि लोक तबकडी विसरले. त्या दिवशी हे घरी येऊन हळूच म्हणाले, "गोदे, एखादं पद कर की."

मी म्हणाले, "जागा उरली न्हाय."

बोलले ते बोलले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दिवसकार्य झाल्यावर यांची ट्रंक उघडली. तळाशी धोतरात गुंडाळलेली तीच तबकडी निघाली. घरच्या बाज्यावर वाजवली, तर गाणं संपल्यावर नुसती खरखर. उजेडात धरून पाहिलं. शेवटच्या रेघा खिळ्याने खरवडल्या होत्या, अगदी जपून, गाण्याला धक्का न लावता. स्वतःचं नाव यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. कधी, कोण जाणे. नरसव्वाने डोळे पुसले. म्हणाली, "मनाला लागलंच असंल की, अक्का."

असेल. पण खिळ्याला धार होती, जिभेला का नव्हती? मी याच घरात होते, दोन हातांवर. माझ्यासमोर एकदा म्हणायचं होतं. माझं नाव कुणाला ऐकू गेलं नसतं तरी चाललं असतं, मला ऐकू आलं असतं.

आज संक्रांत. हळदीकुंकवाचं बोलावणं मला आता यायचं नाही. नरसव्वा तेवढी मागल्या दाराने तिळगूळ घेऊन आली. मी बाज्याला किल्ली दिली, तबकडी लावली. यांचा आवाज इतका गोड, की ऐकता ऐकता माझा राग विरघळतो आणि मग त्याचाच जास्त राग येतो. पद संपलं. सुई खरवडलेल्या जागेवर आली, खरखर सुरू झाली. मी मोठ्याने म्हणाले, "पद गोदावरीचं. गाणार नरहर सोलापूरकर."

आणि तरीही दोन श्वास उरले.