फानालीच्या रेकॉर्डवरचं नाव

प्रणिता जर्सी सिटीत आली ती नवऱ्याच्या, प्रफुल्लच्या व्हिसाला जोडून. नागपूरच्या कॉलेजात ती सहा वर्षं शिकवत होती. इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. लेक हर्षिता शाळेत गेली की घर आवरायचं, आणि मग खिडकीतून दिसणाऱ्या गाड्या न्यूयॉर्ककडे जाताना बघायच्या. सगळी माणसं कुठेतरी जायची आणि ती त्यांच्याकडे बघत राहायची.

खालच्या मजल्यावर रोझाल्बा आजी राहायची, इटलीतल्या तोरिनोहून आलेली म्हातारी. तिच्या दिवंगत नवऱ्याचा रेकॉर्डचा एक खोका होता. त्यात ‘ई फानाली’ नावाच्या पोरांच्या बँडच्या अगदी सुरुवातीच्या छोट्या तबकड्या होत्या, साठच्या दशकातल्या. चाल इंग्रजी गाण्याची, शब्द इटालियन. आजी प्रत्येक ओळीचा अर्थ सांगायची आणि प्रणिता ऐकायची. हळूहळू तिला अर्थ विचारावा लागेनासा झाला.

एका गाण्यात गायक ‘मा’ हा शब्द तीन सुरांवर ओढतो. मा म्हणजे नुसतं ‘पण’. जाणकारांनी त्याला घाईत केलेलं काम म्हटलं होतं. प्रणिताला मात्र तिचे बाबा आठवले. नागपूरच्या इंदोऱ्यात ते, ईश्वर रामटेके, आंबेडकर जयंतीच्या ऑर्केस्ट्रासाठी सिनेमाच्या चालींवर भीमगीतं लिहायचे. चाल पुढे धावली आणि शब्द संपले की मध्ये एक ‘अन्’ घालून ओढायचे. आणि त्या ‘अन्’वरच पब्लिक टाळ्या द्यायचं. घाईचं काम नव्हतंच ते. दुसऱ्याच्या चालीत स्वतःची जागा केलेली असायची.

हे तिने इंटरनेटवर रेकॉर्डप्रेमींच्या एका गटात लिहिलं. महिन्याभरात मिलानच्या एका छोट्या कंपनीचा निरोप आला. फानालीची पहिली गाणी पुन्हा निघणार होती. सोबतचा इंग्रजी लेख तिने लिहावा, नाव कव्हरवर येईल.

नाव. बाबांच्या गाण्यांची कॅसेट निघाली होती, तेव्हा त्यावर ऑर्केस्ट्राच्या मालकाचं नाव होतं.  बाबांनी ती कॅसेट घरात ठेवली नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं होतं, एकदा देशाबाहेर पडलं तर परत येता येईल की नाही याचा भरवसा नव्हता. अंत्यविधी तिने फोनवर पाहिला.

प्रफुल्लने आधी अभिनंदन केलं आणि मग वकिलाला विचारलं. पैसे घेतले नाहीत तरी कोणी ते नोकरीत धरू शकतं, शक्यतो टाळा, असं वकील म्हणाला. प्रफुल्ल तेव्हापासून धड जेवेना. त्याची ग्रीन कार्डाची फाइल आत्ता कुठे सरकायला लागली होती.

“तुझ्या हौसेपायी आपण तिघं विमानात बसायचं का?” तो म्हणाला.

“हौस?” प्रणिता एवढंच म्हणाली.

हर्षिताने टीव्हीवरून नजर न हलवता सल्ला दिला, “आई, जस्ट डोंट टेल देम.” तिचा जन्म इथला. तिला हे असं सहज बोलता यायचं.

शेवटी तोडगा आजीनेच काढला. लेख माझ्या नावावर जाऊ दे, माझी चौकशी करायला या वयात कोण येणार, असं ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच प्रणिताला रडता येईना. बाबांच्या बाबतीत झालं तेच तिच्या वाट्याला येत होतं. फरक एवढाच, की या वेळी स्वतःचं नाव तिनेच सोडून द्यायचं होतं.

तिने लेख लिहून दिला. पाठवण्याआधी एक परिच्छेद वाढवला.

काही महिन्यांनी नव्या रेकॉर्डचं पार्सल आजीच्या पत्त्यावर आलं. प्रफुल्ल ऑफिसातून आल्या आल्या खाली आजीकडे आला आणि उभ्या उभ्याच अख्खा लेख वाचू लागला. तिचं नाव कुठे आहे का, हे तो शोधत होता. शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं. दुसऱ्याच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवणारी माणसं फक्त इटलीतच नव्हती, असं तिथे छापलं होतं. आणि पुढे, नागपूरचे ईश्वर रामटेके.

“बाबांचं नाव टाकलंस. चालेल ना ते?”

“त्यांना व्हिसा लागत नाही,” प्रणिता म्हणाली.

प्रफुल्लने लेख घडी करून कव्हरात ठेवला. आजीने रेकॉर्ड लावली. ‘मा’ आला, तीन सुरांवर ओढलेला. प्रणिता गाणं संपायची वाट न बघता वर गेली; कुकर लावायचा राहिला होता.