काकूंनी थांबवलेला अहवाल

प्रयोगशाळेत त्यांना सगळेच काकू म्हणत, वयाने मोठे असलेले प्रमुखसुद्धा. बावीस वर्षं काकू मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी सांभाळत होत्या. दिवसाआड गुलाबी खाद्य बदलायचं, उबदार पेटीचं तापमान बघायचं, मायक्रोस्कोपखाली एकेक डिश न्याहाळायची. "एवढी निगा मी पोटच्या पोरांचीही राखली नाही," असं त्या हसून सांगत.

त्या वर्षी बाईंनी, म्हणजे तिथल्या तरुण संशोधिकेने, एका एन्झाइमचा पिच्छा पुरवला होता. 'वाढा' असा निरोप पेशीत आतपर्यंत पोचवायचा, हे त्याचं काम. कॅन्सरच्या पेशीत मात्र कुणी निरोप धाडला नाही तरी त्याचा धोशा चालूच. बाईंनी त्याला गप्प करणारं औषध घातलं आणि चौथ्या दिवशी मोजलं, तर पेशी नेहमीच्या एक तृतीयांशही नव्हत्या.

"काकू, मेल्या की हो सगळ्या!" बाईंना आनंद मावेना.

काकूंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.

"मेल्या नाहीत, बाई. मेलेली पेशी गोल होते, तळ सोडून तरंगायला लागते. ह्या ठाण मांडून बसल्यात."

"अहो, सोमवारी अहवाल द्यायचाय!"

"औषध धुऊन काढते, साधं खाणं घालते. चार दिवस थांबा."

बाईंचा चेहरा पडला. "एवढी खात्री कशी तुम्हाला?"

"खात्री नाही, धास्ती आहे." काकूंनी हातमोजे काढले. "माझ्या थोरल्या भावाला हाच आजार होता. गाठ गेली म्हणाले. आठ महिन्यांत परत आली."

बाईंनी डिश काकूंच्या हाती दिली. अहवाल लांबला.

तिसऱ्या दिवशी काकूंनी हाक मारली. डिशमध्ये जागोजागी एका पेशीच्या दोन होत होत्या. बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"तोंडघशी पडले असते मी."

"पडला नाहीत ना? मग उठा, मोजायच्यात."

अहवालात खरं तेच गेलं: एन्झाइम बंद केलं की वाढ थांबते, पण पेशी मरत नाहीत, जोडीला दुसरं औषध हवं. पुढचं वर्ष त्याच्याच शोधात गेलं. अहवालावर बाईंनी काकूंचं नाव दुसरं घातलं. प्रमुखांनी कुरकुर केली, पण बाई हटल्या नाहीत.

काकूंनी तो कागद घरी नेला. यजमानांनी चष्मा चढवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"यातलं तुझं नाव तेवढं कळलं," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले.