काच नको म्हणणाऱ्या मॅडम

माझ्या शेजारी राहणाऱ्या आर्किटेक्ट मॅडम पिंगळीच्या. पूर्णा इथल्या वाचनालयाचा नकाशा त्यांचा, परभणीतल्या दवाखान्याचाही त्यांचाच. कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी भिंतीला तळहात लावतात, मगच बोलतात.

वालूरला आमच्या शाळेची नवी इमारत ठरली, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांना पुढून सगळी काच हवी होती.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, आपल्याकडं ऊन लय. काचेमागं लेकरं भाजून निघतील. मी न्हाई करणार."

"मग आमी दुसरं कुणी बघतो."

"बघा की!" त्यांनी नकाशे गुंडाळले. तोवर एवढं मोठं काम त्यांना मिळालं नव्हतं. शिक्षक म्हणून मी तिथं बसलो होतो, पण तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. त्या दारापर्यंत पोचल्यावर अध्यक्षांनी हाक मारली, "थांबा बाई. करा तुमच्या मनासारखं."

मग जाड दगडी भिंतींची, खोल व्हरांड्यांची शाळा उभी राहिली. मे महिन्यात गावातले म्हातारे दुपारी तिथंच येऊन झोपतात.

यंदा पुण्यात मॅडमचा सत्कार झाला. आपल्या आवडत्या कामाचा फोटो दाखवा, असं त्यांना सांगितलं होतं. पडद्यावर व्हरांड्यात घोरत पडलेले आमचे म्हातारे दिसले. सभागृह हसलं. टाळ्या वाजवायला सगळ्यांत आधी मी उभा राहिलो.