वाचताना गाळलेला व्यापार

दारव्ह्यात बसून लंडनच्या संसदेची काळजी वाहणारी बाई अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी आधी मोबाइल उघडते आणि आपण झोपलो असताना तिकडं काय झालं ते बघते. नगरपालिकेला आमच्या प्रभागातून कोण उभं आहे, ते मला धड सांगता येणार नाही. पण तिकडच्या अर्थमंत्र्यांनी कुठं कात्री लावली, म्हाताऱ्यांच्या हिवाळ्याच्या भत्त्यावरून कसा गदारोळ झाला, सरकारचेच खासदार सरकारवर कसे उलटले, हे विचारा. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणतात, "बाईसाहेब, तुले इचारल्याबिगर तिकडं कागदावर सही होत नाही म्हनते, खरं हाये का?"

होऊ दे चेष्टा. मी तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले आहे, माणसांच्या बोलण्याला भीक घालायची सवय तिथंच सुटली. शिवाय ह्यांनाही कारण माहीत आहे. आमचा एकुलता एक मुलगा इंग्लंडच्या उत्तर भागात एका कारखान्यात इंजिनिअर आहे. बायको आणि लेक सोबत. कारखाना पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करायचा. मुलाचा व्हिसा त्या कारखान्याला बांधलेला. नोकरी गेली तर दुसरी शोधायला थोडेच दिवस मिळतात, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं. त्यात बाहेरच्यांना हाकला म्हणणारा एक पक्ष तिकडं जोरात आला, आणि त्याच्या धाकानं सरकारही त्याच्याच सुरात बोलायला लागलं. कायमचं राहायची परवानगी आता पूर्वीपेक्षा फार उशिरा देणार म्हणतात. म्हणजे तेवढी वर्षं ही नोकरी टिकली पाहिजे, असं साधं गणित होतं.

आणि पंपांचं काम तर आटत चाललं होतं. फोनवर मुलगा सांगायचा नाही, पण सूनबाई एकदा बोलून गेली की खालच्या मजल्यावरची यंत्रं विकायला काढलीत. तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

त्याच सुमाराला तिकडच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की संरक्षणावरचा खर्च वाढवायचा. पैसा कुठून आणायचा, तर गरीब देशांना जी मदत जाते तिला कात्री लावून. ते वाचून माझं डोकं फिरलं. "भुकेल्याच्या ताटातलं काढून तोफेच्या तोंडात घालून राह्यले," मी ह्यांना मोठ्यानं म्हणाले. ह्यांनी मान हलवली. त्या दिवशी विहारातही मी चारचौघींना हेच ऐकवलं आणि सगळ्यांना पटलं.

उन्हाळ्यात एका रविवारी मुलाचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"आई, कंपनीले मोठं काम भेटलं. सरकारी. पंपाचा विभाग बंद होऊन राह्यला, ज्यायले यायचं त्यायनं नव्या कामावर यावं म्हनते. सरकारी कामाले लागते ते माझी चौकशी बी झाली, मले घेतात ते."

"मंग झालं ना बापा! कशाचं काम?"

"तोफगोळ्याचं. म्हनजे नुसतं बाहेरचं कवच, आई. बारूद दुसरीकडंच भरतात. आमच्याकडं फक्त लोखंड येते अन् लोखंडच जाते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यानंच विचारलं, "घेऊ का?"

चाळिशीला आलेला मुलगा आईला असं विचारत नाही. त्यानं विचारलं, कारण त्याला घडवलं होतं मी. लहानपणी पोळ्याच्या बाजारात त्यानं टिकल्या फोडायचं पिस्तूल मागितलं, तर मी त्याला भर रस्त्यात उभं करून पंचशीलातलं पहिलं शील म्हणायला लावलं होतं. पाणातिपाता वेरमणी. जिवाची हत्या करणार नाही. बाजारातले लोक हसत होते आणि तो रडत रडत म्हणत होता. आमच्या घरी सकाळ त्या पाच वाक्यांनीच होते. त्यामुळं तो मला फक्त विचारत नव्हता, तो माझ्याकडून सुटका मागत होता. किंवा मी अडवावं अशीही त्याची इच्छा असेल. हे मला आजही कळत नाही.

"नाही घेतलं तर?" मी म्हणाले.

"तर या दोन-तीन महिन्यांत तिकडं वापस."

माझ्या डोळ्यांसमोर नात आली. आता कुठं तिची शाळा रुळली होती. मी म्हणाले, "घे."

एवढंच. पिस्तुलासाठी मी अर्धा तास भाषण दिलं होतं, तोफगोळ्यासाठी एक अक्षर पुरलं. हे बाजूलाच बसून ऐकत होते. ते उठले आणि अंगणातल्या जांबाच्या झाडाला पाणी घालायला गेले. त्या झाडाला सकाळीच पाणी दिलं होतं.

त्यानंतर माझं राजकारण कसं पालटलं ते सांगायला लाज वाटते, पण पालटलं खरं. ज्या मदतकपातीवर मी आग ओकले होते, तिच्याबद्दल मी बोलायचं बंद केलं. सरकार म्हणे संरक्षणाचा खर्च हळूहळू वाढवू, विरोधी पक्ष म्हणे एवढ्यानं काय होतं, लवकर वाढवा. मी मनानं विरोधी पक्षात गेले. एकदा कणीक मळताना मोबाइलवर तिकडची संसद लावली होती; एक वयस्क बाई खासदार अपंगांचा भत्ता कापू नका म्हणून तळमळून बोलत होती. इंग्रजी मला सगळं कळत नाही, पण तळमळ कळते. तरी माझ्या तोंडून निघालं, "बस वं खाली." हातातली कणीक तशीच राहिली. मी आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

आणि मग ती सकाळ. बातमी होती की ज्या युद्धासाठी तिकडून तोफगोळे जात होते, ते थांबवायची बोलणी सुरू होणार, दोन्ही बाजू तयार आहेत. माझ्या पोटात धस्स झालं. आधी मला कळलंच नाही कशानं. वाटलं, बातमीत कुणी मेलंय का? कुणी मेलं नव्हतं. कुणी मरायचं थांबणार होतं, म्हणून मला धस्स झालं होतं. बातमीखाली पडलेल्या घरांचा फोटो होता. माझ्याच वयाची एक बाई विटांच्या ढिगातून पातेलं ओढून काढत होती. मी तो फोटो अंगठ्यानं वर सारला. पुढं बोलणी फिसकटली. त्या दिवशी मी वरणाला दोनदा मीठ घातलं, आणि ह्यांनी निमूट जेवून घेतलं.

पावसाळा लागला आणि विहारात वर्षावास सुरू झाला. आमच्याकडं वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. पाळ्या लावलेल्या असतात. वाचणाऱ्यानं शेवटी आपल्या भाषेत चार शब्द सांगायचे, अशी पद्धत. माझं वाचन लोकांना आवडतं. आवाज मोठा, आणि कचेरीत वर्षानुवर्षं लोकांवर ओरडून उच्चार स्वच्छ झालेले.

माझ्या पाळीला सम्यक आजीविका आली. माणसानं पोट कशानं भरावं, कशानं भरू नये. त्यात न करायचे पाच व्यापार सांगितलेत. पहिलाच शस्त्रांचा. मग माणसांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा.

मी दुसऱ्यापासून वाचायला सुरुवात केली.

आधी ठरवलं नव्हतं. डोळ्यांनी तो शब्द पाहिला आणि जीभ पुढच्या शब्दावर जाऊन पडली. चार व्यापार वाचून मी थांबले. समोर पंचवीस-तीस बायामाणसं, कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. कुणी तरी टोकलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्यावर सगळ्यांचा विश्वास. हे भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

खरी चूक त्याच्याही पुढची. चार शब्द सांगायची वेळ आली, आणि जिथं पोकळी राहिली होती तिथं मी दारू ओतली. असं बोलले, असं बोलले, की विचारू नका. दारू पिणारा एकदा मरतो, विकणारा रोज दुसऱ्याला मारतो. ज्याच्या घरात दारूच्या कमाईचं पीठ मळलं जातं त्यानं विहाराची पायरी कशाला चढावी? बायांनी माना डोलावल्या. कुणी तरी "साधु, साधु" म्हणून साधुकार दिला.

समोर तिसऱ्या रांगेत आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई बसली होती. पस्तिशीची, दोन पोरींची आई. तिचा नवरा देशी दारूच्या दुकानात गल्ल्यावर कामाला होता. मला हे माहीत होतं. बोलताना आठवलं नाही अशी थाप मारता आली असती, पण ती माझ्या अगदी नजरेसमोर होती. माझ्या आवाजाला चढायला पायरी हवी होती, मी तिच्यावर पाय दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती विहारात दिसली नाही. मला वाटलं, रुसली. मनाला लावून घेतलं असेल. खरं सांगते, मला हायसंच वाटलं.

सोयाबीन निघायला लागलं तेव्हा एका दुपारी ती दारात उभी. हातात डबा, त्यात कोथिंबिरीच्या गरम सांभारवड्या. चेहरा उन्हानं रापलेला, पण डोळे हसरे. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"ताई, आमच्या यायनं दारूचं दुकान सोडलं," ती म्हणाली. "तुमचं ऐकून मी त्याच रोजी घरी गेली अन् भांडली. दोन रोज चूल नाही पेटवली. मंग सोडलं यायनं."

"अन् आता?"

"बाजार समितीत पोते उचलून राह्यले. सवय नाही ना, खांदा सुजते. मी बी तवापासून वावरात मजुरीले, आता सोयाबीन सोंगाले जाऊन राह्यली, म्हनून विहारात येनं होत नाही. मोठीची कॉलेजची गाडी बंद केली, ते चालत जाते." मग घाईनं म्हणाली, "पन चांगलं वाटते, ताई. पोरी त्यायच्यासंगं जेवाले बसतात आता. हे म्हने, ताईले वड्या नेऊन दे."

मी डबा हातात धरून बसले. मोठीचं कॉलेज गावाच्या पार त्या टोकाला. हे दारात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही.

गप्प बसले असते तर चाललं असतं. तिला कधीच कळलं नसतं, इंग्लंड दारव्ह्यापासून फार लांब आहे. पण तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि एक वडी माझ्या हातावर ठेवली. मी ती न खाता ताटलीत ठेवली.

"बाई, त्या रोजी ग्रंथात पाच व्यापार होते," मी म्हणाले. "मी चारच वाचले. पहिला हत्याराचा होता. माझा पोट्टा तिकडं तोफगोळ्याच्या कारखान्यात हाये. म्हनून गाळला मी."

ती चिडली नाही. तिला समजून घ्यायला थोडा वेळ लागला, तेवढंच.

"मंग त्याले सोड म्हनून सांगतलं तुमी?"

"नाही."

"सांगसान?"

इथं खोटं बोलायची शेवटची संधी होती. "नाही सांगनार," मी म्हणाले. "तो वापस आला तर त्याच्या पोरीचं वाटोळं होईन. माझ्यानं नाही होत ते."

तिनं पदरानं मानेचा घाम पुसला. वड्या एकेक करून माझ्या ताटलीत काढल्या, डबा रिकामा केला, झाकण लावलं. उठली. ह्यांनी पाय आवरून तिला वाट करून दिली. उंबऱ्यापाशी ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"मी बी यायले सोड म्हनून नसतं सांगतलं, ताई. तुमी सांगतलं म्हनून सांगतलं."